पुसलेलं इंजिन

"माफ करा, भंगाराचं आवार याच रस्त्यावर आहे ना?"

मिझुएनं फावडं बर्फात रोवलं आणि वळून पाहिलं. रात्रभर पडलेल्या बर्फानं तोगाशी गॅरेजचं दार अर्धं गाडलं होतं. ते मोकळं करता करता तिचे गाल लाल झाले होते आणि टोपीतून निसटलेल्या केसांवर श्वासाची वाफ गोठून बसली होती. समोर एक टर्बो गाडी उभी होती. गाडी जुनी, पण इतकी चकचकीत, की उत्तर जपानातल्या ओबिहिरोत फेब्रुवारीत अशी गाडी दिसली तर माणसं थांबून बघतील. खिडकीतून एक तरुण अदबीनं मान वाकवून उत्तराची वाट बघत होता.

"पुढच्या वळणावर," ती म्हणाली. "पण तिथे गाड्या विकत घेता येत नाहीत. तिथे मोडतात."

"मोडायलाच नेतोय."

"ही?"

"ही."

"मग धुतली कशाला?"

त्यानं स्टिअरिंगवरून हात फिरवला. "शेवटचं पोचवायला निघालोय... मळक्या अंगानं कसं पोचवायचं?"

मिझुए काही हळवी मुलगी नव्हती. शाळा सुटल्यापासून बापाच्या हाताखाली इंजिनं उघडत होती आणि गिऱ्हाइकांची रडगाणी या कानानं ऐकून त्या कानानं सोडत होती. पण हे उत्तर तिला लागलं, आणि लागलं म्हणून तिला थोडा रागही आला.

"दुखणं काय आहे हिचं?"

"तेल गळतं. जळकट वास येतो. शहरातले गॅरेजवाले म्हणाले, टर्बो गेला, आणि तो बदलण्यापेक्षा दुसरी गाडी स्वस्त पडेल. महिनाअखेरीला सरकारी तपासणी आहे. गळत्या गाडीला कोण पास करणार? शिवाय शेजारच्या आजी म्हणतात, सकाळी सुरू होताना फार खोकते."

"आजी म्हणतात? तुम्हाला कान नाहीत?"

"मी तेव्हा घरात असतो. आतूनच रिमोटनं सुरू करतो. माझी न्याहारी होईपर्यंत ती गरम होते." तो ओशाळून हसला. "इकडे सगळेच तसं करतात ना."

"म्हणून इकडे सगळ्यांच्याच गाड्यांची दुखणी आधी शेजाऱ्यांना कळतात. बॉनेट उघडा."

बॉनेट उघडलं आणि तिनं कपाळाला हात लावला. आत तेलाचा एक थेंब नव्हता. नळ्या पुसलेल्या, झाकणं पुसलेली, कोपऱ्यांतली धूळसुद्धा काडीनं काढलेली.

"तेल कुठून निघालं, कुठून ओघळलं, ते बघूनच माग लागतो. तुम्ही तो मागच पुसून टाकलात."

"माफ करा."

"दाताच्या डॉक्टरकडे जाण्याआधी तासभर दात घासत असाल तुम्ही."

"...तुम्हाला कसं कळलं?"

ती खुदकन हसली. आतून बाबांचा आवाज आला, "मिझुए, गिऱ्हाइकाशी बोलतेयस की भांडतेयस?"

"दोन्ही, बाबा."

मग तिनं सांगून टाकलं, की आज ही गाडी भंगारात जाणार नाही. रात्रभर इथे उघड्यावर राहील आणि उद्या सकाळी पहिल्यांदा सुरू करताना ती स्वतः ऐकेल. गारठलेलं इंजिन दिवसातून एकदाच खरं बोलतं. एकदा का गरम झालं, की सगळं आलबेल असल्यासारखं गोड वागतं. "तुम्हीही या," ती म्हणाली. "मालकानं ऐकायला हवं."

त्याचं नाव सेगावा योशितो. तो कामिशिहोरोच्या रस्त्यावरच्या चीजच्या कारखान्यात कामाला होता. गॅरेजची बदली गाडी म्हणून त्याला जी मिळाली ती गुलाबी होती आणि इतकी इटुकली, की आत बसल्यावर त्याचे गुडघे जवळजवळ हनुवटीला लागले. ती वळणाआड जाईपर्यंत मिझुए दारात उभी राहिली. बर्फ काढायचं तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला तो मफलरमध्ये गुंडाळलेली दुधाची थर्मास-बाटली घेऊन. दूध वाफाळतं होतं. थंडी अशी, की नाकातले केससुद्धा गोठावेत. मिझुएनं लांब पेचकस घेतला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि मान हलवली. त्यानं किल्ली फिरवली.

गाडी थरथरली, अडखळली, बंद पडता पडता सावरली. मागून निळसर धूर निघाला. सेगावाचा चेहरा पडला. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यासारखा तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. हळूहळू धाप कमी झाली आणि इंजिन शहाण्यासारखं चालू लागलं.

"रोज सकाळी... असं होतं?"

"रोज. तुम्ही आत पाव खात असता तेव्हा."

इंजिन निवल्यावर तिनं स्पार्क प्लग बाहेर काढले. त्यांच्या खोबणीत तेल साचलं होतं. मग तेलाचं झाकण उघडून तिनं त्याच्यापुढे धरलं. आतल्या बाजूला पांढरट, दाट साय जमली होती.

"हे तुमच्या धंद्यातलं वाटेल, पण हे लोणी नव्हे. तेलात पाणी मिसळलंय. थंडीत इंजिनात दव धरतं. लांब चालवली तर ते उडून जातं, पण तुम्ही लांब कधी जातच नाही. घर ते कारखाना, कारखाना ते घर. बरोबर?"

"बरोबर."

"रविवारी?"

"रविवारी गाडी धुतो."

ती हसणार होती, पण त्याच्याकडे बघून थांबली. त्यानं बाटलीच्या झाकणात दूध ओतून तिला दिलं, आणि झाकण देताना दोघांची बोटं जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

"मला एकट्याला लांब जायचं सुचतच नाही," तो म्हणाला. "साहेबांनाही ते माहीत आहे. म्हणून तर क्युशूच्या कारखान्यात बदली सुचवली. बायकोमुलं असलेल्यांना हलवत नाहीत, आधी सड्याफटिंगाचा नंबर. सोमवारी उत्तर द्यायचंय."

"नाही म्हणा."

"नाही म्हणायला कारण लागतं, तोगाशी-सान. नुसतं जावंसं वाटत नाही, हे कारण धरत नाहीत."

क्युशू म्हणजे देशाचं दुसरं टोक. तिथे बर्फ नाही, सकाळी खोकणाऱ्या गाड्या नाहीत आणि तोगाशी गॅरेजही नाही. मिझुएनं दूध एका घोटात संपवलं आणि जीभ भाजून घेतली.

बाबांचं मत शहरातल्या गॅरेजवाल्यांसारखंच होतं. रात्रीतून टर्बोच्या खाली तेल ठिबकलं होतं, म्हणजे टर्बो गेला. मिझुएला ते पटेना. "आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी नको, बाबा. तेल खाली दिसतं म्हणून निघतंही तिथूनच कशावरून?" तिनं प्लगच्या खोबणी कोरड्या केल्या, इंजिनाच्या तेलात एक खास रंग मिसळला आणि गाडी सेगावाच्या ताब्यात दिली. हा रंग उघड्या डोळ्यांना दिसत नाही, निळ्या दिव्याखाली मात्र तेल जिथून जिथून गेलं तिथे तिथे पिवळा-हिरवा चमकतो. "शनिवारपर्यंत रोज चालवा. आणि हात जोडते, पुसू नका."

"नाही पुसणार."

"फडकं इथेच ठेवून जा."

त्यानं खरंच खिशातलं फडकं काढून तिच्या हातात दिलं. बाबांनी ते पाहिलं. ते चहा पीत होते आणि चहा पीत राहिले, पण त्या दिवसापासून मिझुए आरशासमोर उभी राहिली की ते उगाच खाकरायचे. "गॅरेजात कामाला जातेयस की लग्नाला?" असं एकदा विचारलंही. सरळ सांगायचं तर तिला सेगावा आवडला होता. जुन्या गाडीला शेवटची अंघोळ घालणारा माणूस न आवडून कसं चालेल? पण पोरगी बापावर गेली होती. पोटातलं ओठावर येईल तर शपथ.

शनिवारी संध्याकाळी तो आला. मिझुएनं शटर खाली ओढलं, दिवे मालवले, पिवळा चष्मा चढवला आणि निळा दिवा इंजिनावर धरला. तिला वाटलं होतं, तेलाची एक सरळ धार दिसेल. दिसले ते फराटे. आडवे, उभे, गोल गोल फराटे... फडक्यानं मनापासून पुसल्याचे.

"सेगावा-सान."

"हं?"

"पुसलंत?"

"नाही... म्हणजे..."

तिनं दिवा सावकाश वळवला आणि त्याच्या हातांवर धरला. अंधारात त्याची दहाही बोटं नखांच्या कडांपर्यंत काजव्यांसारखी चमकत होती. सेगावानं हात पाठीमागे लपवले, मग लपवण्यात अर्थ नाही हे कळून पुन्हा पुढे आणले.

"रंगेहाथ," ती म्हणाली. "आता सांगा, का?"

"रोज पुसत होतो." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तुम्हाला लवकर सापडू नये म्हणून. सापडलं की तुम्ही दुरुस्त करणार. दुरुस्त झाली की मग... मी इथे काय म्हणून येऊ?"

अंधारात दोघं उभे होते. बाहेर बर्फ सरकवणारी गाडी घरघरत गेली. मिझुएच्या छातीत असं काही धडधडलं, की पेचकस लावून ऐकायची गरज नव्हती. बोलायला हीच वेळ होती. तिनं दिवा मात्र परत इंजिनावर नेला. आणि तिथे, वर, जिथे फडकं पोचत नाही अशा एका सांदीत, तिला ते दिसलं. एका बारीक नळीच्या तळाशी चमकता ठिपका, आणि तिथून खाली, टर्बोपर्यंत उतरलेली चिमुकली रेघ.

आता तिला गप्प बसता आलं असतं. अजून कळत नाही, अजून एक आठवडा द्या, असं म्हटलं असतं तर तो आनंदानं परत आला असता. तिच्या ओठावर ते आलंही होतं. पण इंजिनाशी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, आणि या माणसाशी तर तिला मुळीच खोटं बोलायचं नव्हतं.

"सापडलं," ती म्हणाली. "टर्बो धडधाकट आहे. ही नळी आहे ना, हिच्यातून इंजिनाच्या पोटातली वाफ बाहेर पडते. त्या सायीनं हिची झडप तुंबली. वाफ कोंडली, मग तेलानं मिळेल त्या फटीतून वाट काढली. इथून गळालं, प्लगच्या खोबणीत झिरपलं, म्हणून सकाळी खोकतं. झडप आणि रबरं बदलली की झालं. उद्याच होईल."

"उद्याच?"

"हो. उद्याच."

दोघांनाही ही चांगली बातमी वाटली नाही.

रविवार तिचा कामात गेला. झडप बदलली, रबरं बदलली, साचलेलं साफ केलं, नवं तेल भरलं. सोमवारी सकाळी गारठलेली गाडी पहिल्याच झटक्याला सुरू झाली. ना धूर, ना धाप. बाबा बाहेर येऊन ऐकून गेले आणि जाताना नुसतं म्हणाले, "चांगलं काम." बाबांच्या तोंडून एवढं वर्षातून एकदा निघे. तरी मिझुएला रडू का येत होतं, ते तिला माहीत होतं.

सेगावा आला. त्यानं सुटी घेतली होती, फक्त दुपारी साहेबांना फोन करायचा होता. त्यानं वाकून आभार मानले, तिनं किल्ली दिली, तो गाडीकडे वळला.

"एक पथ्य आहे," ती घाईनं म्हणाली. "आज लांब चालवायला हवी. आत उरलेलं दव जायला हवं. हिरोओच्या समुद्रापर्यंत जाऊन या."

"एकटा?"

"तुमची गाडी आहे."

"वाटेत काही वाजलं तर ऐकायला कोणी नको? मला कान नाहीत, तुम्हीच म्हणालात."

आतून बाबा खाकरले. "घेऊन जा तिला. कामाच्या वेळेत आरसा बघण्यापेक्षा बरं."

सपाट पांढऱ्या शेतांमधून रस्ता सरळ दक्षिणेला जात होता. दोन्ही बाजूंना वारा अडवणाऱ्या झाडांच्या रांगा, मधे मधे गोठ्यांची लाल छपरं. गाडी एका सुरात चालली होती. मिझुए कान देऊन ऐकत होती आणि काहीच वाजत नव्हतं, त्यामुळे बोलायला विषय उरला नव्हता. वाटेत थांबून त्यानं रस्त्याकडेच्या नाणी टाकायच्या मशीनमधून मक्याच्या गरम सुपाचे डबे आणले आणि तिनं डबा गालाला लावून धरला. तो बघत राहिला. तिनं बघू दिलं.

समुद्र करडा होता. वाऱ्यापुढे उभं राहवेना म्हणून ते गाडीतच बसले. सेगावानं फोन काढून मांडीवर ठेवला.

"दुपार झाली," तो म्हणाला.

"हं."

"मला जायचं नाही. पण ते कारण विचारणार." तो समुद्राकडे बघत होता, कान मात्र लाल झाले होते. "काय सांगू?"

मिझुएनं सुपाच्या डब्याकडे पाहिलं. तुंबलं की काय होतं हे तिनंच त्याला समजावून सांगितलं होतं. आता तिचंच सगळं तुंबून बसलं होतं.

"माझ्यामुळे राहतोय म्हणा," ती म्हणाली. इतकं हळू, की तिला वाटलं, वाऱ्यानं नेलं.

वाऱ्यानं नेलं नव्हतं. तो पूर्ण वळून तिच्याकडे बघत होता.

"साहेब नाव विचारतील."

"तोगाशी म्हणा."

"तोगाशी तर बाबाही आहेत तुमचे. साहेबांना वाटेल, मी त्यांच्यासाठी राहतोय."

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. आजवर घराबाहेरच्या कोणत्याही पुरुषानं तिला आडनावाशिवाय हाक मारली नव्हती, तिनं मारू दिली नव्हती.

"मग... मिझुए म्हणा."

"मिझुए," तो म्हणाला. फोन अजून त्यानं लावला नव्हता.