मोगरा नव्हे, मग काय?

तंजावूरहून ओरत्तनाडूला जाणाऱ्या सकाळच्या बसमध्ये नित्याच्या मागच्या बाकावर कोणीतरी येऊन बसलं आणि बसल्या बसल्या शिंकलं. मग पुन्हा शिंकलं... आणि थांबेचना. नित्याने वैतागून मान वळवली. तिच्याच वयाचा एक तरुण रुमालात तोंड लपवून बसला होता. डोळे लाल, नाक त्याहून लाल. तिची नजर पडताच तो ओशाळून उठला आणि मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. जाता जाता स्वतःशीच पुटपुटला, "देवा, पुरे कर आतां."

मराठीत!

नित्या चमकली. ही भाषा तंजावूरच्या राजवाड्यामागच्या चार गल्ल्यांमधली, आप्पा-अम्मांशी बोलायची. बाहेर सगळा व्यवहार तमिळ. ओरत्तनाडूच्या बसमध्ये तिने ती आजवर कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. ओरत्तनाडूला उतरल्यावर तिने त्याला गाठलं आणि विचारलं, "तुम्ही कोठले?"

तो इतका दचकला की शिंकायचंच विसरला.

त्याचं नाव श्रीकर. आजोबांनी तंजावूर सोडून कोइंबतूरला बिऱ्हाड केलं, तो तिथेच वाढला. आता इथल्या कृषी कार्यालयात अधिकारी होता. पोंगल सरला की नाक वाहायला लागायचं, ते थेट उन्हाळा पेटेपर्यंत. उठून मागे का गेलात, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने चाचरत सांगितलं, "तुमच्या केसांतला मोगरा... मला चालत नाही बहुतेक."

दुसऱ्या दिवशी नित्या फुलं न माळता निघाली. अम्माने कारण विचारलं, तर म्हणाली, उकडतं आहे. ती ओरत्तनाडूच्या शाळेत बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवायची. प्रयोग करून पाहायचा, एवढंच, असं तिने स्वतःला बजावलं.

कालव्याचा रस्ता लागला आणि मागून शिंक आली. ती हसत वळली.

"आज फुलं नाहीत."

"पाहिलं मी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "चढलात तेव्हाच पाहिलं."

"म्हणजे मोगरा नव्हे."

"मग काय?"

तो प्रश्न त्याने सहज विचारला होता. नित्याला मात्र रात्रभर पुरला. मोगऱ्याचे पराग जड आणि चिकट असतात, ते किडे वाहून नेतात, वाऱ्यावर उडत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. वाऱ्यावर उडणारं दुसरं काहीतरी होतं. तेव्हापासून रोज ती विचारायची आणि तो सांगायचा. रविवारी घरी असताना शिंका येतात का? येतात, उठल्या उठल्या. कार्यालयात? कमी. बसमध्ये? कालव्यापाशी सगळ्यात जास्त. ती खिडकीबाहेर पाहू लागली. कालव्याच्या दोन्ही काठांवर वेडी बाभूळ माजली होती. तमिळमधली सीमै करुवेल. पिवळ्या तुऱ्यांनी लगडलेली...

"तुम्ही मला विद्यार्थी समजता की बेडूक?" त्याने एकदा विचारलं.

"बेडूक इतके शिंकत नाहीत," ती म्हणाली, आणि तो इतका मोकळा हसला की ती लगेच खिडकीकडे वळली.

पण एक गोष्ट कळली आणि तिचं हसू मावळलं. नाक मोकळं करायला तो औषधाच्या दुकानातून घेतलेले थेंब टाकत होता, गेले कित्येक महिने. आधी ते दिवसभर पुरायचे, आता तासाभरात नाक पुन्हा चोंदायचं. कंटाळून त्याने उटीजवळच्या कोटगिरीला बदली मागितली होती. डोंगरातली स्वच्छ हवा. तिथे गेलं की सुटलों.

उतरताना नित्या म्हणाली, "जायचं तर जा. पण कशापासून पळता आहां, ते तरी पाहून जा."

तो नाक-कान-घशाच्या डॉक्टरबाईंकडे गेला. त्यांनी हातावर सुईने टोचून तपासणी केली. दोन ठिकाणी गांधी उठल्या: एक वेड्या बाभळीच्या परागांची, दुसरी अंथरुणातल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांची. डॉक्टरबाईंनी दुकानातले थेंब बंद करायला लावले आणि नाकात मारायचा स्प्रे लिहून दिला. तो रोज मारायचा, नाक बरं वाटलं तरी. गुण यायला एक-दोन आठवडे लागतील. शिवाय मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं, पाणी उकळून गार केलेलं. शेतावरून आलं की अंघोळ करून कपडे बदलायचे. उशीचे अभ्रे दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायचे. बाभूळ फुललेली असताना सकाळी खिडक्या बंद आणि बाहेर तोंडावर मास्क. हे दर वर्षी येणार, मुळापासून जाईल असं मी सांगत नाही, पण आवाक्यात राहील, असंही त्या म्हणाल्या.

आठवडा उलटण्याआधीच श्रीकर बसमध्ये रडवेला होऊन आला. थेंब सोडल्यापासून नाक अधिकच चोंदलं होतं, त्यात स्प्रे मारताना दोनदा रक्त आलं. हे सगळं सोडून देतों, तो म्हणाला. नित्याने त्याला डॉक्टरबाईंना फोन लावायला सांगितलं. त्या म्हणाल्या, थेंब सोडले की काही दिवस असं होतंच, धीर धरा. आणि स्प्रे कसा मारता ते कोणाकडून तरी पाहून घ्या.

"संध्याकाळी घरी या," नित्या म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच आश्चर्य वाटलं.

घरी आप्पा, म्हणजे नित्याचे वडील बाळकृष्णराव, झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी पाहुण्याला काप्पी दिली, त्याच्या आजोबांची चौकशी केली आणि मग एका परक्या मुलाला आपल्या घरच्या आरशासमोर नाकात औषध मारताना मुकाट्याने पाहिलं. श्रीकर बाटली उजव्या हातात धरून उजव्या नाकपुडीत मारत होता, त्यामुळे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे वळत होतं. नित्याच्या ते लगेच लक्षात आलं.

"उजव्या नाकपुडीला डावा हात," ती म्हणाली. "टोक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कडेकडे. मान जराशी खाली. आणि जोरात ओढूं नका."

तिने हात धरून दाखवलं नाही. पेनाने हवेतच दिशा दाखवली. तरीही आरशात दोघांची नजर भेटली आणि दोघांनीही ती वळवली नाही... आप्पा खोकले.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी बस कालव्याच्या रस्त्याला लागली. नित्या वाट पाहत बसली. काठ सरला, पूल सरला. मागे सामसूम. ती वळली, तर तो मास्क खाली करून खिडकीतून येणारा वारा हुंगत होता.

"ओल्या पेंढ्याचा वास येतो आहे," तो हळूच म्हणाला. "असा असतो होय?"

त्याच दिवशी दुपारी बदलीचा हुकूम आला. नित्याने अभिनंदन केलं, नीट, हसून. शनिवारी तो कोटगिरीला राहायची जागा पाहायला गेला. दोन दिवस ती बसमध्ये पुढे बघत बसली. या माणसाला ती इतके प्रश्न का विचारत होती, हा प्रश्न तिने स्वतःला आता पहिल्यांदा विचारला, आणि उत्तर इतकं सोपं निघालं की तिला रडू आलं.

मंगळवारी तो आला. या वेळी तिच्याच बाकावर, मध्ये पिशवी ठेवून बसला.

"कशी आहे जागा?"

"सुंदर. थंडगार. अंथरुणं दमट, घोंगड्यांना कित्येक वर्षांची धूळ. रात्रभर शिंकलों."

नित्याला हसू आवरेना. ओलाव्यात तर धुळीतले किडे अधिकच वाढतात, तिने सांगितलं. "मग आता तिथे नको म्हणणार?"

"नाही. ते तर अभ्रे धुवून आवरेल. स्प्रे नेला होता, सकाळी नाक ठीक होतं." तो पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिला. "पण तिथे मी शिंकलों, आणि कशाने, म्हणून विचारणारं कोणी नव्हतं. मी वाट पाहत होतों... नित्या, मी बदली नको म्हणून लिहून दिलं. तुम्ही हो म्हणा की नको म्हणा, मी इथेच राहतों. पण हो म्हणालात तर बरं."

तिने मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"होय," ती म्हणाली.

लग्न आवणी महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावणाच्या सुमारास झालं, बाभळीचा बहर ओसरल्यावर. होमाचा धूर मंडपात दाटला आणि ऐन मंत्रात नवरदेव शिंकला. पुरोहित थबकले, बायकांमध्ये कुजबुज झाली. नित्याने शालूच्या निऱ्यांत खोचलेला रुमाल काढून त्याच्या हातात दिला.

"धुराने आहे," तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं मराठीत सांगितलं, मग तमिळमध्ये सांगितलं, आणि पुरोहितांकडे वळून म्हणाली, "चालू द्या."