डावा पाय टेकेना

पडायचंच होतं तर एखाद्या ओसाड माळावर पडावं, चिटपाखरूही बघायला नको. मी पडले ती भर शोरूमच्या दारात, सुट्टीच्या दिवशीच्या गर्दीत, आणि तीही थांबलेल्या बाईकवरून. धावत्या बाईकवरून पडणाऱ्याची लोकांना निदान कीव येते. थांबलेल्या बाईकवरून पडणाऱ्याला लोक आधी हसून घेतात, मग उचलतात.

झालं असं, की ट्रायलची चक्कर मारून मी मोठ्या रुबाबात परत आले, ब्रेक दाबला, सवयीने डावा पाय खाली सोडला... आणि खाली जमीनच नव्हती. म्हणजे होती, पण माझ्या पायापासून चार बोटं लांब. ती उंच, सडपातळ बाईक माझ्यासकट सावकाश कलली आणि मी खडीत आडवी झाले.

रांगेत माझ्यामागे उभा असलेला एक माणूस धावत आला. त्याने आधी चावी बंद केली, मग बाईक उचलून स्टँडला लावली आणि मगच माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे चेहऱ्याकडे नव्हे – बुटांकडे. आणि जरा जास्तच वेळ.

"खडी सरकली," मी कपडे झटकत म्हणाले.

"हो ना," तो अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "हल्ली खडीवर विश्वास टाकायची सोय राहिली नाही."

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रागही आला. मागे वहिनी पोट धरून हसत होती. मी मान खाली घालून बाकावर जाऊन बसले.

खडी बिचारी निर्दोष होती. माझा डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे. लहानपणी भिंतीवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. जुळलं खरं, पण पुढे उजव्याच्या बरोबरीने वाढलं नाही. बुटाच्या आत एक जाड तळवा घालते, सावकाश चालते आणि बरोबर कुणी असलं की "तुम्ही व्हा पुढे, मी आलेच" म्हणते. घरात हे फक्त आईला आणि दादाला ठाऊक. दोघांनाही मी शपथ घातली होती. वहिनीला पत्ता नव्हता, आणि पावसाळा सरला की डोंगर ओलांडून थेट समुद्रापर्यंत बाईकने जायचं हा बेत मी केला होता तो वहिनीबरोबरच.

तिच्याकडे तिची बाईक होती. मला हवी होती डांबरावर पळणारी, मातीत तरणारी, दिवसभर बसलं तरी कंबर न मोडणारी आणि माझ्या पगारात बसणारी. लोक विचारायचे, बाईकचंच वेड का गं तुला? मी काहीतरी वाऱ्याबिऱ्याचं सांगून द्यायचे. खरं कारण एवढंच होतं की बाईकवर कुणी चालत नाही. तिथे सगळ्यांचे पाय सारखे असतात.

त्यानंतर तो माणूस आमच्या चष्म्याच्या दुकानात उगवला. मी तिथे डोळ्यांचे नंबर तपासते. तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत तो खुर्चीवर बसला आणि मी त्याच्या हातात वाचायचा तक्ता दिला. त्याने तो हात पुरता लांब करून धरला.

"शेवटची ओळ वाचा."

"तिथे काही लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग तुम्हीच वाचा ना. आवाज छान आहे तुमचा."

"वय किती?"

"सदतीस... का हो?"

"चाळिशी लागलीय तुम्हाला."

"हळू बोला!" तो दाराकडे बघत कुजबुजला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्याच्या. "बाहेर लोक बसलेत."

"त्यात लाजायचं काय?" दिवसातून दहादा म्हणायचं वाक्य मी म्हणून टाकलं. "जे कमी आहे ते कमी आहे. काच लावली की झालं." असं म्हणताना माझ्या जिभेला हाड नव्हतं. "काम काय करता?"

"बूट शिवतो. दुकानात मिळतात तसे नाही. ज्यांच्या पायात काही कमी-जास्त असतं, त्यांच्यासाठी."

माझे दोन्ही पाय आपोआप स्टुलाखाली गेले. याने बघितलं असेल? नसेलच, मी स्वतःला समजावलं. जवळचं दिसत नाही म्हणून तर आला आहे.

त्यालाही लांबच्या प्रवासाला बाईक घ्यायची होती. मग काय, दोघांनी मिळून बघू असं ठरलं. जुन्या बाईकचे अड्डे पालथे घातले (तिथेही माझं "तुम्ही व्हा पुढे" होतंच), माहिती नसलेल्या विक्रेत्यांना भंडावून सोडलं, आणि शेवटी गाडी दोन बाईकवर येऊन अडली. एक जड, बुटकी, सोफ्यासारखी ऐसपैस. दुसरी तीच – हलकी, उंच, माझी लाज काढणारी. दुसरीचं इंजिन इतकं साधं होतं की आडगावचा मेकॅनिकही उघडून दुरुस्त करेल. शिवाय ती स्वस्तही होती. शहाण्या माणसाने विचारात पडावं असं काही नव्हतंच त्यात.

"मी जडच घेणार," मी म्हणायचे.

"चिखलात आडवी झाली तर एकट्या उचलाल?"

"आडवी होणारच नाही. दोन्ही पाय टेकतात माझे."

"पाय टेकतात थांबल्यावर," तो कॉफी ढवळत म्हणायचा. "तुम्ही प्रवासाला निघालाय का थांबायला?"

यावर माझं उत्तर तयार असायचं, पण ते टेबलाखाली असायचं. त्याला भेटायला जाताना मी नेहमी आधी जाऊन बसायचे आणि तो दिसेनासा झाला की मगच उठायचे. प्रेमात पडलेली बाई इतकी वक्तशीर असते, हे मला नव्यानेच कळलं.

हो, पडले होते मी प्रेमात. एका भुरभुर पावसाच्या संध्याकाळी हेल्मेटच्या दुकानात त्याने स्वतः माझ्या हनुवटीखालचा पट्टा लावला. त्याच्या बोटांना मेणाचा वास होता, दोऱ्याने पडलेल्या बारीक चिरा होत्या...

"हेच घ्या," तो म्हणाला.

"का? मजबूत आहे म्हणून?"

"यातून डोळे दिसतात तुमचे."

"हेल्मेट डोकं वाचवायला असतं."

"तुमचं वाचेल. माझं गेलं ते गेलंच."

मी काच खाली पाडली. आत मी इतकी हसत होते की काचेवर वाफ धरली, आणि त्याच वेळी मनात एकच भीती होती – हा मला चालताना बघेल त्या दिवशी हे सगळं संपेल.

बुकिंगच्या दिवशी मी आणि वहिनी शोरूममध्ये बसलो होतो. विक्रेता जड बाईकचे कागद पुढे सरकवत होता. तेवढ्यात तो आला, धापा टाकत, काखेत एक खोकं घेऊन. चेहरा असा फुललेला, जसा काही माझ्यासाठी चंद्रच तोडून आणला होता.

"थांबा! सही करू नका," त्याने खोकं माझ्या पुढ्यात उघडलं. आत बुटांची एक जोडी होती. सुंदर, तांबूस चामड्याची, घोट्यापर्यंतची. त्यातल्या डाव्या बुटाचा तळ उजव्यापेक्षा जाड होता. चांगला जाड.

"आता टेकेल पाय," तो म्हणाला. "हलकी बाईक घ्या बिनधास्त. पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं. डावी टाच आतून झिजलीय तुमची..."

विक्रेता वाकून माझ्या पायांकडे बघू लागला. शेजारच्या टेबलावरचं जोडपं बघू लागलं. वहिनीने बूट हातात घेतला, उलटा केला, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसली नाही. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"मी मागितले होते?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नाही, पण मला वाटलं–"

"तुम्हाला माणसं दिसत नाहीत का हो? नुसते पायच दिसतात?"

आणि मी उठले. शोरूमची ती गुळगुळीत, चकचकीत फरशी टेबलापासून दारापर्यंत पसरलेली. रागात सावकाश चालायचं भान कुठलं राहायला? जन्मभर जी चाल लपवली ती मी सगळ्यांसमोर, त्याच्यासमोर, त्या लांबलचक फरशीवरून चालून दाखवली. प्रत्येक पावलाला माझा खांदा डावीकडे पडत होता आणि मला तो सावरता येत नव्हता. दार येईपर्यंत मी लाजेने अर्धी झाले होते.

घरी वहिनी माझ्या खोलीत आली. तिच्या हातात ते खोकं होतं. मला वाटलं, आता गोड गोड बोलेल. पण ती भांडायलाच आली होती.

"वन्सं, इतकी वर्षं या घरात आहे मी. तुम्ही माझ्याबरोबर बाजारात येत नाही. कधी म्हणून माझ्या शेजारून चालत नाही. मला काय वाटायचं, ठाऊक आहे? वाटायचं, मी आवडत नाही तुम्हाला."

माझी लाज माझ्यापुरतीच आहे असं मी धरून चालले होते. तिची किंमत ही बाई मोजत होती, आणि वर माझ्याशी हसत होती. मी तिच्या कुशीत शिरून रडले. बऱ्याच वेळाने तिने नाक पुसलं, आधी स्वतःचं, मग माझं.

"चला आता, मैदानावर," ती म्हणाली. "माझीही बाईक उंचच आहे."

"पाय नाही टेकत गं."

"डावा नाही टेकत. उजवा काय भाड्याने दिलाय? पुढचा ब्रेक हाताने दाबायचा, बूड जरा उजवीकडे सरकवायचं आणि उजवा टेकवायचा. डावाच टेकवायचा असा कायदा आहे का कुठे?"

नव्हता. इतके दिवस मी सगळ्यांसारखी थांबायला बघत होते, म्हणून पडत होते. मैदानावर दोनदा पडले, दोन्ही वेळा वहिनी यथेच्छ हसली, आणि मग थांबता यायला लागलं. पडल्यावर बाईक मी एकटीने उचलली तेव्हा त्याचं म्हणणं पटलं. जड बाईक मला हललीसुद्धा नसती. दुसऱ्या दिवशी मी त्याच शोरूममध्ये जाऊन हलकी बुक केली. विक्रेत्याने माझ्या पायांकडे अजिबात पाहिलं नाही. इतकं अजिबात नाही, की मलाच त्याची दया आली.

तो मात्र फिरकला नाही. फोन नाही, निरोप नाही. त्याचा चष्मा तयार होऊन आमच्या कपाटात पडून होता. मी वाट पाहिली, मग कंटाळले. शेवटी चष्मा आणि ते खोकं घेऊन त्याच्या कामाच्या जागी गेले.

लांबट खोली होती. भिंतीवर गिऱ्हाइकांच्या मापाचे लाकडी पाय टांगलेले, कुणाचा बोटं नसलेला, कुणाचा वळलेला. तो टाचेला खिळे ठोकत होता. मला पाहिलं आणि त्याचा हात थांबला. मान वर होईना.

"चष्मा," मी म्हणाले.

"मी येणारच होतो... नाही, खोटं कशाला बोलू? नसतो आलो. तोंड कुठलं दाखवू?" तो हातोडीशी बोलत होता. "माझ्याकडे येणारी माणसं आपणहून बूट काढतात. मला वाटलं, सगळ्यांनाच तसं चालतं. तुम्ही दारातून बाहेर गेलात तेव्हा कळलं की मी चारचौघांत तुमचा बूट ओढून काढला. त्या दिवसापासून धड झोप नाही लागलेली."

त्याचा तो पडलेला चेहरा बघून माझा उरलासुरला राग विरला. लाज कशी दिसते ते मला चांगलं ठाऊक होतं. फक्त ती दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बघायची सवय नव्हती.

"बूट चुकलाय तुमचा," मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. "दार लावून घालून बघितला. तळ इतका जाड केलाय की आता मी उजवीकडे लंगडते."

"अंदाजाने केला होता..."

"चाळिशी लागलेल्या माणसाने, चष्मा न लावता! वर मला विचारलंही नाही."

त्याने पहिल्यांदाच वर पाहिलं. ओठांच्या कडेला काहीतरी हललं.

"बाईकसाठी नकोय मला," मी घाईघाईने म्हणाले. "हलकीच घेतली. उजव्या पायावर थांबते. बूट हवाय तो चालण्यासाठी. नीट माप घ्या."

मी स्टुलावर बसले. लेस सोडली. बूट काढला, मोजा काढला, आतला तळवा बाजूला ठेवला. आईशिवाय कुणासमोर हे केलं नव्हतं. त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला, पायाला हातही न लावता मागे सरकला आणि खूप अवघडून म्हणाला,

"एक अडचण आहे... खरं माप पायावर घेता येत नाही, चालीवर घ्यावं लागतं. अनवाणी. दारापर्यंत जाऊन परत यावं लागेल. पण तुम्हाला नको असेल तर–"

मी उठले. गार फरशीवर पहिलं पाऊल टाकलं. खांदा डावीकडे पडला, पडू दिला. पाठीवर त्याची नजर जाणवत होती. दार उघडंच होतं. मनात आलं असतं तर बाहेर पडता आलं असतं. मी वळले आणि लंगडत, काही म्हणजे काही न लपवता, त्याच्याकडे चालत आले.

"बघितलंत?"

"बघितलं."

"किती कमी आहे?"

तो चष्मा काढून पुसू लागला. काच स्वच्छच होती, मीच पुसून आणली होती.

"कळलं नाही," तो हळूच म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे चालत येत होतात... तेवढंच बघत राहिलो. माप राहूनच गेलं."

"मग आता?"

"परत एकदा... चालाल?"

मी परत दारापर्यंत गेले. या वेळी मुद्दामच सावकाश.