चौथी बाजू

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ज्यांच्यावर मी विश्वास ठेवते अशी माणसं फार थोडी आहेत, आणि मामा त्यातला एक. तो रंगारी आहे. डोकं कायम तापलेलं, पण थाप मारणं त्याच्या रक्तात नाही.

मागचा उन्हाळा. दुपारचे चार.

समुद्रापासून दोन गल्ल्या आत, रस्त्यावरून सहा पायऱ्या खाली उतरलं की एक खोली होती. भरतीच्या वेळी वळवाचा पाऊस कोसळला, की तिथल्या नाल्याचं पाणी समुद्रात जात नाही. उलटं गल्लीत घुसतं. बघता बघता माणूस बुडेल एवढं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात असंच पाणी आलं आणि तिथं राहणाऱ्या शिवणकामवाल्या बाई बुडून गेल्या.

"गाढ झोपेत होत्या हो, कळलंच नाही त्यांना," असं घरमालक सगळ्यांना सांगायचा. मामालाही तेच सांगितलं.

आता एक जोडपं तान्ह्या मुलीला घेऊन तिथं राहायला येणार होतं. परवाच. इथं पाण्याचा थेंब येत नाही, असं मालकानं त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मामानं फक्त भिंतीवरची पुराची तपकिरी रेघ घालवायची, आणि तोंड बंद ठेवायचं.

मामा मनात शिव्या घालत होता, पण काम करत होता. पोट कुणाला चुकलंय?

रेघ खरवडली. प्रायमर मारला. रंगाचा एक हात दिला. चहा पिऊन आला, तर...

रेघ परत होती. वीतभर वर.

ओल असेल, म्हणून त्यानं चडफडत दुसरा हात दिला. ब्रश बुडवायला वाकला. मान वर केली...

रेघ त्याच्या हनुवटीशी.

तेवढ्यात ढग गडगडले. दिवा गेला. वाऱ्यानं दार धाडकन लागलं आणि मागच्या गल्लीकडच्या खिडकीचा पडदा उडाला.

ती खिडकी मामानंच रंगवली होती, बाई राहत होत्या तेव्हा. रंग ओला असताना खिडकी लावायची नसते. झडप चौकटीला चिकटून बसते. शिकाऊ रंगाऱ्यालाही हे कळतं. पण त्या दिवशी आभाळ भरून आलेलं, मालक मागे लागलेला, आणि मामानं ती लावून घेतली. उद्या येऊन सोडवून देतो, असं बाईंना म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो गेलाच नाही. आणि पाणी आलं.

आता वीज चमकली आणि त्याला दिसलं. फटीतला रंग कापलेला होता. कात्रीच्या टोकानं, बारीक, सरळ. खालची बाजू. डावी. वरची.

उजवी तशीच.

झोपेत होत्या म्हणे! मामाच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग पायाला गार लागलं... दाराखालून पाणी येत होतं.

दार बाहेर उघडायचं. पायऱ्यांवर साठलेल्या पाण्यानं ते दाबून धरलं होतं. मामानं खांदे मारले. हलेना. रंग खरवडायची पट्टी पाण्यात पडली, ती सापडेना. पाणी कमरेला लागलं. त्यानं खिडकीवर बुक्क्या मारल्या. ढिम्म.

शेवटी तो म्हणाला, "बाई, खिडकी मी लावली होती. चूक माझी आहे."

पावसाचा आवाज थांबला. एकदम.

कर्र...

कर्र...

उजव्या बाजूचा रंग वरून खाली कापला जात होता. हात दिसत नव्हता. घाई तर अजिबात नव्हती. मामा सांगतो, "तिनं मला वाट पाहायला लावली. पाणी हनुवटीला लागेपर्यंत."

म्हणजे बरोबर त्या रेघेपर्यंत.

मग झडप सुटली.

चिखलानं माखलेला मामा तसाच मालकाच्या दारात गेला. मालक म्हणाला, तुझं काय जातंय त्यात?

"ती झोपेत नव्हती," मामा म्हणाला. "खिडकी लाव म्हणालास तू. लावली मी."

त्याच संध्याकाळी त्यानं त्या जोडप्याला सगळं सांगितलं, स्वतःचं पापही. ते आले नाहीत.

पण ते तिथं संपलं नाही. तेव्हापासून मामा रंगवलेल्या खिडक्या उघड्याच ठेवतो. सकाळी त्या बंद सापडतात, चिकटलेल्या. तीन बाजू कापलेल्या. चौथी त्यानं कापायची.

परवा त्यानं आमच्या खिडक्या रंगवल्या. आमचं घर तळमजल्यावर आहे, नाल्याला लागून. जाताना सवयीनं म्हणून गेला, "उद्या येतो."

काल आला नाही. दुसरीकडे काम निघालं म्हणे. इतका राग आलाय मला त्याचा!

आज दुपारीच अंधारून आलंय. खिडक्या बंद आहेत. तीन बाजू कापलेल्या. चौथीत मी सुरी घालून पाहिली, पातं आत शिरत नाही. मामाला फोन केला.

"तू हात लावू नकोस," तो म्हणाला. "ती बाजू माझी आहे. निघालोच."

पाऊस सुरू झालाय. बाहेरचं दार आत्ताच धाडकन लागलं...

मामा अजून पोचलेला नाही.