द्वारकाबाईंचा क्षणपट

जुन्या फोटोंतली माणसं आताशा हलत असत आणि त्याचं कुणाला फारसं नवल राहिलं नव्हतं. लग्नाच्या हॉलमध्ये भिंतीवरचे कृष्णधवल पणजोबा पापणी लववत आणि खाली पंगत निवांत जेवत असे.

"पण फोटो म्हणजे एक क्षण. त्यात हालचाल येते कुठून?" द्वारकाबाई पाटण्यांनी विचारलं. त्यांची पंचाहत्तरी तोंडावर आली होती आणि आईच्या मांडीवरचा आपला तान्हेपणीचा फोटो त्यांना त्या दिवशी सगळ्यांना हलताना दाखवायचा होता.

डॉ. अन्वर मुजावरांना हा प्रश्न फार आवडायचा. सांगलीतल्या त्यांच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येकाने तो विचारावा, असं त्यांना वाटे.

"एक क्षण नव्हे, मावशी. तेव्हा गावातला फोटोग्राफर भिंगावरची टोपी काढायचा, दोन आकडे मोजायचा आणि परत लावायचा. तेवढ्यात माणूस श्वास घेतो, पापणी हलते. ती हालचाल फोटोत पुसट कडा होऊन उरते. ओल्या रंगाला बाही लागली तर कुठून कुठे घासली ते कळतं ना? तशा त्या कडा आमचा संगणक वाचतो आणि ते दोन सेकंद पुन्हा उलगडतो. त्याला आम्ही क्षणपट म्हणतो."

"मग माझं काही दिसायचं नाही. मी फार गुणी बाळ होते. इतरांची पोरं फोटोत धुरकट येतात, माझी बोटंसुद्धा स्वच्छ आलीत. आई फोटो दाखवून सांगायची, ही बघ द्वारका, जरासुद्धा हलली नाही."

खरं तर मुजावरांना इथेच शंका यायला हवी होती. पण हुशार माणसांना यंत्र सुरू करायची भारी घाई असते.

पडद्यावर आईने श्वास घेतला. नथीचा मोती हलला, हनुवटी थरथरली आणि तिचा हात बाळाला थोपटू लागला. द्वारकाबाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, मग आणखी एकदा. तेव्हा कुठे त्यांनी बाळाकडे पाहिलं. ते जरासुद्धा हलत नव्हतं.

"यंत्र चुकतं का हो?"

"झोपलेलं बाळही श्वास घेतं, मावशी," मुजावर हळू आवाजात म्हणाले.

द्वारकाबाईंनी पडद्यावरच्या बाळाच्या स्वच्छ बोटांवरून हात फिरवला.

"बाळ गेलं की पुरायच्या आधी फोटो काढून घेत," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि पाठच्या मुलीला तेच नाव ठेवत. आमच्या आळीत होती अशी एक. आम्ही चिडवायचो तिला." त्या थांबल्या. "म्हणजे माझा लहानपणीचा फोटो नाहीच. आणि ही पंचाहत्तरी तरी माझी, की तिची?"

मुजावरांना फार वाईट वाटलं. "बाळात श्वास भरता येतो," ते म्हणाले. "पुष्कळजण भरून घेतात. कुणाला कळणार नाही."

"नको. आईनं तो तेव्हाच भरलाय," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्या बाळाच्या वाटचा श्वास मीच घेत आलेय."