शिमग्यातलं गाऱ्हाणं

दार सताड उघडं होतं, तरी राही दहा मिनिटं कडी वाजवत उभी होती.

"उघड्या दाराची कडी वाजवणारी बाय पहिल्यांदाच बघतोय." मागून आवाज आला. हातात सुरमईची पिशवी, चेहऱ्यावर मिश्कील हसू.

"आमच्या बार्शीत विचारल्याशिवाय कुणाच्या घरात शिरत नाहीत."

"मग जन्मभर उंबऱ्यावरच राहशील गो."

हा दीपेश. राहीच्या ऑफिसातली मैत्रीण हेतल, तिचा चुलतभाऊ. स्वतःची होडी चालवणारा. हेतलच्याच आग्रहाने राही कोकणात, हेदवीजवळच्या ह्या गावात शिमग्याला आली होती.

पहिले दोन दिवस तिला वाटलं, ही माणसं भांडतायत. कोण कुणाची आई काढतोय, कोण कुणाच्या नावानं बोंब मारतोय, आणि पाच मिनिटांनी एकाच ताटात वडे. तिच्याकडे उलटं. तोंडावर "या, बसा", पाठ वळली की पंचनामा. तिसऱ्या दिवशी तिला इथलं बरं वाटायला लागलं. शिवी निदान समोरून येते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच होती. पोरीला विचारायची पद्धत कुठेच नव्हती. रविवारी बार्शीला तिला बघायला मुलगा येणार होता, आणि आईने फोनवर बजावलं होतं, "आम्ही होकार दिलाय. तू फक्त नीट बस."

दीपेश रोज तिला होडीपाशी न्यायचा, जाळं विणताना चिडवायचा. "तुला पोहता येत नाय, मासा साफ करता येत नाय... तू करतेस काय?"

"तुझी बडबड ऐकते."

मग त्याचं विणणं थांबायचं. बोटं जाळ्यात तशीच अडकलेली, नजर तिच्यावर... "राही, मी काय म्हणतो—" आणि पुढं काहीच नाही. भरतीबिरतीचं काहीतरी बोलून मोकळा.

शनिवारी दुपारी पालखी अंगणात आली. राहीला त्याच दुपारी बार्शीला निघायचं होतं, हेतलने एसटी बघून ठेवली होती. पुढच्या दांडीला दीपेश, गुलालाने लाल. हेतलचे आजोबा दाजी नारळ हातात घेऊन प्रत्येकाला मागणं विचारत होते. राहीपाशी आले. "लेकी, तुझं काय?"

तिच्या घरी देवाला मनातल्या मनात सांगतात. ती दाजींच्या कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, "दीपेशच्या मनात काय आहे... कळलं तर बरं होईल."

दाजींनी मान डोलावली. पालखीकडे तोंड केलं आणि पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल असा आवाज लावला, "बा देवी म्हाराजा... ही बार्शीची लेक तुझ्या दारात उभी हाय... आमच्या दीपेशच्या मनात काय हाय, ते हिला कळत नाय... ते आज कळू दे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," दोनशे माणसं एका सुरात म्हणाली.

राही दोन पावलं मागं सरली. इथं देवीपुढं गाऱ्हाणं असं खणखणीत घालतात, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बायका पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. पळावं, की...

पण पळून जाऊन बसायचं कुठं? बार्शीच्या पाटावर?

"दाजी, थांबा." ती पुढं झाली. "देवीला कशाला त्रास. मीच विचारते. दीपेश, बोलतोस का, की जाऊ मी एसटीला?"

दिवसभर दुसऱ्यांची थट्टा करणारा तो माणूस दांडीखाली घामाघूम झाला. "खांद्यावर देवी हाय... आता खोटं बोलता यायचं नाय," तो म्हणाला. "तू दारात कडी वाजवत होतीस ना... तेव्हाच मनात भरलीस. जाऊ नको."

"एवढं बोलायला चार दिवस?"

"भीती वाटली. तू शिकलेली, मी मासे मारणारा."

"आणि ते मी काय बघितलं नव्हतं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि छातीवरचा दगड कुणी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं.

पालखी पुढच्या अंगणात गेल्यावर तिने फोन लावला. "आई, उद्याच्या माणसांना नको म्हणून कळव. मी माझं बघितलंय."

मग आई म्हणाली, "अगं, पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना विचारून झालंय, आई," राही म्हणाली. "सगळे हो म्हणाले."