वारा कुणाला लागता कामा नये

उमाळकरांच्या घरी स्प्लिट एसी आला तो जयपूरच्या उन्हामुळे नव्हे, साताऱ्यामुळे.

नंदकिशोर उमाळकर एका विमा कंपनीत अधिकारी होते. मूळचे अकोल्याचे, त्यामुळे जयपूरच्या लूचं, त्या भाजून काढणाऱ्या वाऱ्याचं, त्यांना फारसं कौतुक नव्हतं. बनी पार्कातल्या भाड्याच्या बंगल्याच्या तळमजल्यावर वाळ्याच्या जाळ्यांचा एक कूलर दिवसभर घरघरत असे, आणि त्यावर त्यांनी चार उन्हाळे काढले होते. पण २००६ च्या एप्रिलात लेकीचा, ज्ञानदाचा, पुण्याहून फोन आला. पहिलं बाळंतपण, जुलैची तारीख. तिच्या सासूबाईंनी साताऱ्याहून कळवलं होतं की त्या भट्टीत पोर कशाला पाठवायची, आमच्याकडे पंखासुद्धा लागत नाही.

सुधाबाईंनी फोन ठेवला आणि त्या जेवल्याच नाहीत. एकुलती एक लेक, तिचं पहिलं बाळंतपण, आणि ते साताऱ्याला! नंदकिशोररावांनी वरवर "हवामानाचा मुद्दा रास्त आहे" वगैरे म्हणून पाहिलं, पण त्यांनाही आतून लागलंच. लग्नानंतर पोर कधी आठ दिवसांच्या वर राहिली नव्हती. शेवटी त्यांनीच फोन उचलला आणि सांगितलं, एसी लावतो, पोरीला पाठवा. साताऱ्याहून उत्तर आलं, आधी लावा, मग पाठवतो.

इथवर सगळं सरळ होतं. घोळ झाला तो सुधाबाईंच्या पुढच्या वाक्याने.

"एसी घ्या, पण वारा पोरीला लागता कामा नये. बाळंतिणीला वारा चालत नाही. बाळाला तर मुळीच नाही. अन् मला मानेचं दुखणं आहे."

"म्हणजे एसी हवा, पण वारा नको."

"खोली थंड हवी. वारा कुणाला लागता कामा नये."

नंदकिशोररावांचं आयुष्य जळलेल्या गोदामांची पाहणी करण्यात गेलेलं. मोजल्याशिवाय त्यांना काही पटत नसे. त्यांनी टेप काढला. खोली बारा बाय चौदा, छत अकरा फूट. आलेखाच्या कागदावर पलंग काढला, पाळणा काढला, कपाट काढलं.

"तुम्ही काय मोजून राहिले सकाळपासून?" सुधाबाईंनी विचारलं.

"वारा," ते म्हणाले.

सोडाला भागातल्या दुकानदाराने, खोलीत तिघं झोपणार हे ऐकून घेऊन, खोली बघायला भँवरलाल नावाचा मेकॅनिक पाठवला. पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, कमी बोलणारा माणूस. त्याने दारातूनच खोलीभर नजर फिरवली आणि खिशातल्या चिठोऱ्यावर लिहिलं, 'डेढ़ टन. चार जने.'

"चार नहीं, तीन," नंदकिशोरराव म्हणाले. "मेरी लडकी, मिसेस, और बच्चा. मैं तो बाहर के कमरे में सोताय."

भँवरलालने पुन्हा एकदा खोलीत पाहिलं. "डेढ़ ही रखो, साहब." चिठोऱ्यावरचा चार त्याने काही खोडला नाही. आपल्यालाही धरलं असेल, असं म्हणून नंदकिशोररावांनी विषय सोडला.

एसी आला तेव्हा भिंत निवडण्याचं काम निघालं, आणि ते स्थळं बघण्यापेक्षा अवघड निघालं. उत्तरेच्या भिंतीवरून वारा पाळण्यावर येत होता. दक्षिणेची भिंत पलंगाच्या डोक्याशी, आणि तिथे पाणी ठिबकलं तर सरळ पोरीच्या कपाळावर. पश्चिमेच्या भिंतीवरून सुधाबाईंच्या मानेचा नेम धरल्यासारखा झाला असता. उरली पूर्वेची, दाराच्या वरची. तिथून पट्ट्या डावीकडे वळवल्या की सगळा वारा जाणार कपाटापलीकडच्या कोपऱ्यात, जिथे काहीच नव्हतं. नंदकिशोररावांनी कागदावर तिथे एक मोठा बाण काढला.

भँवरलालने बाण पाहिला, मग कोपरा पाहिला. "हवा सीधी कोने में जाएगी, साहब."

"जाने दो! कोने में कौन बैठा है?"

भँवरलालने त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "घर आपका है," तो म्हणाला आणि भिंतीला भोक पाडायला लागला. काम संपवून निघताना दारात उभं राहून त्याने दोन्ही हात जोडले. "राम-राम सा." नंदकिशोररावांनी उलट राम-राम केला. पण भँवरलालची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेलेली होती.

ज्ञानदा यायला बारा दिवस होते. एसीची चाचणी म्हणून रोज दुपारी बारा ते तीन तो सुरू ठेवायचा असं ठरलं. पहिल्या दिवशी खोली अशी गार झाली की सुधाबाईंनी साताऱ्याला मुद्दाम फोन करून तापमान सांगितलं.

तिसऱ्या दिवशी त्या खोलीत गेल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "रजई काऊन काढली?"

जयपुरी रजई, पाहुण्यांसाठी घेतलेली, कपाटाच्या वर पिशवीत असायची. ती त्या कोपऱ्यात पडली होती. नंदकिशोरराव म्हणाले, मी नाही. मग कामवाली मीराबाई असेल, असं ठरलं. पण मीराबाई झाडू-फरशी करून दहाला जात असे आणि एसी लागायचा बाराला. रजई परत वर गेली.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली होती.

त्याच दुपारी सुधाबाई पलंगावर आडव्या झाल्या आणि लगेच मान धरून उठल्या. वारा पलंगावर येत होता. एसीच्या आडव्या पट्ट्या रिमोटने वर-खाली होत, पण डावी-उजवीकडे वळवायच्या उभ्या पट्ट्या हातानेच सरकवाव्या लागत. त्यासाठी स्टुलावर चढावं लागे, आणि स्टूल स्वयंपाकघरात होतं, त्यावर वाळत घातलेल्या सांगरीच्या शेंगांच्या ताटासकट.

"कंपनानं सरकल्या असतील," नंदकिशोरराव म्हणाले आणि पट्ट्या पुन्हा कोपऱ्याकडे वळवल्या.

रोज ते वळवत. रोज दुपारी त्या पलंगाकडे वळलेल्या असत. नंदकिशोररावांनी रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवला, मग त्यातले सेल काढून ठेवले, मग रिमोटचा यात काही संबंध नाही हे लक्षात येऊन सेल परत घातले. सुधाबाईंचं एकच चाललं होतं. आज माझ्या मानेवर आला, परवा पोरीच्या अंगावर येईल. असाच येत राहिला तर मीच तिला फोन करून सांगते, साताऱ्याला जा म्हणून. हे ऐकलं आणि नंदकिशोररावांनी पुन्हा टेप काढला. एका चिनी मातीच्या कारखान्याचा बनावट दावा त्यांनी एकट्याने उघडा पाडला होता. हा कोपरा त्यांना हरवणार म्हणजे काय!

रविवारी त्यांनी ऑफिसची पद्धत वापरली. पट्ट्या कोपऱ्याकडे वळवून त्यावर कागदी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर सही ठोकली, तारखेसकट. रजई पिशवीत, पिशवी कपाटावर, दोरी बांधून. एसी सुरू केला, खिडक्यांच्या कड्या लावल्या, दाराला कुलूप घातलं. किल्ली मुठीत घेऊन ते दाराबाहेर खुर्ची टाकून बसले. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कूलर बंद होता, त्यामुळे घर फार शांत होतं.

पावणेदोनला आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. कापडावर कापड घासावं इतपतच.

"उघडता का?" सुधाबाईंनी विचारलं.

"तीनपर्यंत ठरलंय," ते म्हणाले. पण खुर्ची त्यांनी दारापासून हातभर मागे घेतली.

तीनला त्यांनी कुलूप काढलं.

वारा पलंगावर येत होता.

चिकटपट्टी कपाटाच्या दारावर लावलेली होती. अगदी सरळ, एक सुरकुती नाही. सही सुलटी.

आणि कोपऱ्यात रजई होती. पडलेली नव्हती. मांडी घालून बसलेल्या माणसाने डोक्यावरून घेऊन गुडघ्यांपर्यंत ओढून घ्यावी, तशी ती बसली होती. पुढून उघडी. आत भिंत दिसत होती.

दोघं बघत असतानाच ती हळूहळू खाली बसत गेली आणि जमिनीवर सपाट झाली.

नंदकिशोररावांना दावा नामंजूर करायला एकही कलम आठवेना. हलल्या त्या सुधाबाई. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून रिमोट काढून एसी बंद केला, पदर सावरला आणि कोपऱ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "चुकलं हो आमचं. वारा कुणाला लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, अन् तुम्हाला विचारलंच नाही."

मग रजई नीट घडी करून त्यांनी कोपऱ्यातच ठेवली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "भँवरलालला बोलवा. ज्ञानदा मंगळवारी येते."

भँवरलाल सोमवारी आला. का बोलावलं हे त्याने विचारलंच नाही. आतला डबा काढून त्याने पश्चिमेला, कपाटापलीकडे, बरोबर त्या कोपऱ्याच्या डोक्यावर लावला. पट्ट्या एका बाजूला दाबल्यावर वारा कोपरा सोडून, पलंग सोडून, पाळणा सोडून सरळ दारातून बाहेरच्या खोलीत जायला लागला. तिथे नंदकिशोररावांची खाट होती.

"आपको चलेगा?" भँवरलालने विचारलं.

चालवून घ्यावंच लागलं. जयपूर चव्वेचाळीस अंशांवर तापलं होतं तेव्हा बनी पार्कात एक मनुष्य गळ्याला मफलर गुंडाळून पेपर वाचत बसलेला असे. पट्ट्या पुन्हा कधी हलल्या नाहीत. ज्ञानदा आली, जुलैत मुलगा झाला, सव्वा महिना शेक-शेगडी झाली, साताऱ्याची मंडळी बारशाला येऊन खोलीचं कौतुक करून गेली. कोपऱ्यातल्या रजईबद्दल ज्ञानदाने एकदा विचारलं. सुधाबाई म्हणाल्या, असू दे तिथे. पोर सुखरूप होती, नातू गुटगुटीत होता. बाकी कशाची चौकशी करायची नंदकिशोररावांना इच्छा उरली नव्हती.

ऑक्टोबरात ज्ञानदा बाळाला घेऊन पुण्याला गेली. घर एकदम रिकामं झालं. दोन दिवसांनी सुधाबाईंना दिसलं की कोपऱ्यात रजई नाही. पोरीने सामानात भरली असेल, असं दोघांनीही मोठ्याने म्हटलं.

मार्चमध्ये भँवरलाल एसी साफ करायला आला. काम आटोपून तो हात पुसत असताना नंदकिशोररावांनी वर्षभर गिळून ठेवलेलं विचारलं.

"वो पहले दिन आपने चार लिखा था. मुझे भी गिना था क्या?"

"आपको नहीं गिना था, साहब." भँवरलालने कोपऱ्याकडे पाहिलं आणि फडकं खांद्यावर टाकलं. "अब तो कमरा खाली है. मशीन जिधर चाहो, लगवा लो."

या वेळी जाताना त्याने फक्त नंदकिशोररावांना राम-राम केला. त्यांना फार हलकं वाटलं. सुधाबाईंना सांगायला म्हणून ते स्वयंपाकघराकडे निघाले, तेवढ्यात फोन वाजला.

ज्ञानदा होती. मागे बाळ खिदळत होतं. पुण्यातही यंदा ऊन फार आहे, बाळाला घामोळं आलंय, म्हणून आम्हीही एसी घेतोय, असं ती सांगत होती. दुकानातला माणूस आत्ताच खोली बघून गेला. खोली एवढीशी, तरी दीड टनच घ्या म्हणतो.

"आणि बाबा, गंमत म्हणजे आम्ही इथे तीनच ना? मी, हे आणि बाळ. सासूबाई साताऱ्याला. मी त्याला तीनदा सांगितलं, तरी कागदावर चार लिहून गेला. तुम्हाला यातलं कळतं, म्हणून विचारते. एसी कुठे लावू?"

नंदकिशोररावांनी मफलर शोधल्यासारखा गळ्याला हात लावला.

"कुठेही लाव," ते म्हणाले. "फक्त रजई जिथे ठेवली असेल, तिथे वारा जाऊ देऊ नकोस."



"मी नाही ठेवली, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, आईने पाठवली."