बुंध्याचा शिक्का

मोबाइल ठेवा रे खाली. दिवा राहू द्या, नाहीतर म्हणाल म्हाताऱ्याने मुद्दाम अंधार केला. उद्या तुम्ही तिघं पहिल्यांदा शिक्क्याचा हातोडा हातात घेणार, म्हणून सांगतो. ऐकीव नाही हं. माझ्या साडूची गोष्ट आहे. तोही तुमच्यासारखाच जंगलातला गार्ड.

आपलं काम तुम्हाला शिकवलंय. सगळं जंगल सरसकट कापायचं नाही. निवडून, पिकलेलं झाड घ्यायचं आणि बीजाची झाडं राखायची, म्हणजे खालच्या रोपांना ऊन मिळतं. तोडायच्या झाडावर आपापला नंबर कोरलेल्या हातोड्याने दोन शिक्के ठोकायचे. एक छातीच्या उंचीवर, एक पार खाली बुंध्याशी. वरचा ओंडक्याबरोबर जातो. खालचा खुंटावर राहतो, झाड परवानगीने तोडलं याची साक्ष म्हणून. आणि शिक्का मारण्याआधी झाडाभोवती फेरी मारायची. अर्धी नाही, पूर्ण.

माझ्या साडूने एका झाडाची फेरी मारायचा कंटाळा केला. मागे उतार, काटेरी झुडपं, वर संध्याकाळ झालेली. पुढून खोड कसं ठणठणीत दिसत होतं. ठोकले दोन शिक्के आणि आला घरी. मागच्या बाजूला माणूस मावेल एवढी ढोली होती.

आठवड्याने करवतवाला तिथे पोचला. मदतनिसाला म्हणाला, "शिक्का आहे ना? म्हणजे गार्डसाहेबांनी बघितलंय." अर्ध्या कापातच खोड उभं फाटलं आणि त्याच्या अंगावर आलं. जागीच गेला बिचारा. करवत धरायला मीच शिकवलं होतं त्याला. फार हसरा होता.

गुरुवारी सकाळी चौकशी होती. वरच्या शिक्क्याच्या तर फाटलेल्या लाकडात चिंध्या झाल्या होत्या. उरला होता खुंटावरचा. तो दिसला तर चूक साडूची, नोकरी गेली. तो नसला तर झाड चोरून तोडलेलं, आणि चोर कोण? मेलेला माणूस.

बुधवारी रात्री पावणेबाराला साडू घरातून निघाला. बायकोला म्हणाला, "चौकीत टॉर्च विसरलोय, आलोच." स्कूटर वळणावर लावली आणि पटाशी घेऊन आत चालत गेला. चांदणं होतं. वारा अजिबात नव्हता. खुंटापाशी उकिडवा बसला आणि शिक्का तासायला लागला.

टक्.

आवाज मागून आला होता. थांबला. ऐकलं. काही नाही. पुन्हा पटाशी लावली.

टक्... जरा जवळ.

आम्हाला तो आवाज झोपेतही ओळखू येतो. शिक्क्याचा हातोडा खोडावर बसतो, तेव्हाचा. पण हातोडा ऑफिसच्या कपाटात, कुलपात होता. किल्ली याच्याच खिशात. त्याने खिसा चाचपला. होती.

मग पावलं. वाळल्या पानांवर. एका झाडाभोवती फिरली... पूर्ण. थांबली. टक्. पुढचं झाड. फेरी. टक्.

कुणीतरी काम नीट करत होतं.

याने कशीबशी शेवटची ढलपी काढली. वर माती चोपडली. पावलं खुंटापाशी आली... त्याच्याभोवती फिरू लागली. त्याने मान वर केली नाही. डावीकडून मागे. मागून उजवीकडे.

फेरी पूर्ण झाली.

समोर थांबली...

तो पळाला. स्कूटरसुद्धा तिथेच राहिली.

गुरुवारी चौकशी झाली. मदतनीस शिक्का पाहिल्याचं सांगत राहिला, पण खुंटावर शिक्का नाही. साहेबांनी लिहून टाकलं, विनापरवाना तोड. करवतवाल्याची बायको एवढंच म्हणाली, "ते चोरी करणारे नव्हते हो." साडू आपल्या बुटांकडे बघत राहिला.

दुपारी त्याने मला बोलावून घेतलं. घराच्या दाराची चौकट दाखवली. छातीच्या उंचीवर गोल शिक्का. त्याच्याच हातोड्याचा नंबर. सगळं सांगून तो लहान मुलासारखा रडला. मी म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जा आणि खरं काय ते सांग."

"दादा, उद्या जातो."

आत मेव्हणी पोरांच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्याकडे बघितलं आणि मीही म्हटलं, बरं.

शुक्रवारी गेला नाही. शनिवारीही नाही. रविवारी पहाटे अंथरुणातच संपला. डॉक्टर म्हणाले, हृदय. घरात रडारड चालली होती, आणि मी उंबऱ्याशी वाकून चौकट बघत होतो. पार तळाला दुसरा शिक्का होता. खाली चिमूटभर ताजा भुसा.

...काय विचारलंस? मग मी सांगितलं का?

नाही सांगितलं. मेव्हणीच्या कपाळी आणखी बदनामी कशाला, असं स्वतःला समजावत राहिलो. अकरा वर्षं झाली. करवतवाल्याची ती विधवा अजून चोराची बायको म्हणून मान खाली घालून फिरते. लाज वाटते रे मला.

उद्या झाडांकडे नंतर जाऊ. आधी मला ऑफिसात घेऊन चला, तिथून तिच्या घरी. नक्की न्या. मी उद्यावर ढकलायला लागलो, तर उचलून न्या.

आज सकाळी माझ्या दाराच्या चौकटीवर... छातीच्या उंचीवर...

खालचा अजून नाही. इकडे निघताना वाकून बघितलंय मी.